अशांत देशात ख्रिस्ती सेवेला जाण्याआधी: नागपूर ते दक्षिण सुदान, एकेक पायरी

परदेशी सेवेचं पाचारण झालं आहे अशी मनाची खात्री आहे, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, अशा नागपूर-विदर्भातल्या भावाबहिणींसाठी हे लिहिते आहे. मी परिचारिका. आमच्या मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, मला दक्षिण सुदानमधल्या एका मिशन दवाखान्यात पाठवलं होतं. इथली उदाहरणं तिथलीच आहेत, पण हैती, काँगो किंवा येमेनच्या वाटेवर असलेल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

एक गोष्ट आधीच ठामपणे सांगते. अशांत देशात जाताना परत कसं यायचं आणि 'आता निघा' हा शब्द कोणाचा, हे लेखी ठरल्याशिवाय तिकीट काढू नका. बाकी सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत.

१. पाठवणारं कोण, बोलावणारं कोण

स्वतःच्या जिवावर, एकट्याने निघू नका. दोन टोकांना दोन जबाबदार संस्था हव्यात: इकडे तुमची मंडळी, डायोसीस (धर्मप्रांत) किंवा धर्मसंघ, आणि तिकडे रीतसर नोंदणी असलेलं चर्च, दवाखाना किंवा शाळा. नागपूरकरांना यासाठी फार शोधत फिरावं लागत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापनाच २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये झाली. कॅथलिकांचं आर्चडायोसीसही इथेच आहे. आधी आपल्या पाळकांशी किंवा फादरांशी बोला. पाचारण खरं असेल तर चार महिने प्रश्नोत्तरं झाल्याने ते विझत नाही.

आमच्या मंडळीच्या सभेत एका वडीलधाऱ्या काकांनी मला विचारलं होतं, "बाई, तिकडं फोन नाही लागला त आमी कोनाले इचारू?" निघण्याआधी या प्रश्नाला नाव, हुद्दा आणि दोन चालू नंबर असं उत्तर तयार हवं. ते नसेल तर तयारी झालेली नाही.

तिकडच्या संस्थेकडून लेखी पत्र घ्या. त्यात तुमचं काम, मुदत, राहण्याची सोय, खर्च कोणाचा, आजारपणात जबाबदारी कोणाची हे सगळं असावं. "या तर खरं, आल्यावर बघू" असं म्हणणाऱ्या संस्थेकडे जाऊ नका, मग ती कितीही प्रार्थनाशील असो. आणि तुमच्या हाताला नेमकं कोणतं काम येतं ते प्रामाणिकपणे सांगा. परिचारिका, सुईण, शिक्षक, विहिरी-पंपांचा मिस्त्री, हिशेबनीस यांची तिथे खरी गरज असते. फक्त उत्साह घेऊन आलेला माणूस मात्र यजमानांना पोसावा लागतो.

२. देशाची परिस्थिती समजून घ्या

दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला. डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटली आणि ती बरीचशी दिंका आणि नुएर या जमातींच्या रेषेवर फाटत गेली. जुलै २०१६ मध्ये राजधानी जुबातच पुन्हा लढाई झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये शांतता करार झाला, पण मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे प्रथम उपराष्ट्राध्यक्ष रीक माचार यांना नजरकैदेत ठेवल्यावर तो करार पुन्हा डळमळला. निवडणुका आधी ठरल्या होत्या, त्या डिसेंबर २०२६ पर्यंत पुढे ढकलल्या गेल्या.

गरिबी आणि अशांतता तिथे एकमेकींना कशी खतपाणी घालतात तेही समजून घ्या. देशाचं उत्पन्न जवळपास सगळं तेलाचं, आणि ते तेल समुद्रापर्यंत पोचतं शेजारच्या सुदानमधून जाणाऱ्या पाइपलाइनने. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध सुरू आहे. २०२४ च्या सुरुवातीला पाइपलाइन फुटली, निर्यात अडली, पौंड घसरला, सरकारी पगार महिनोन्महिने थकले. पगार नसलेला शिपाई चेकपोस्टवर उभा असतो, बंदूक त्याच्या हातात असते, आणि घरी त्याचीही पोरं उपाशी असतात. हे डोक्यात ठेवलं की चेकपोस्टवर आवाज चढत नाही.

जाण्याआधी रोज अर्धा तास तिथल्या बातम्या वाचायची सवय लावा. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना बघा. यूएनचा 'बी-सेफ' नावाचा सुरक्षेचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे आणि कोणालाही करता येतो. तो पूर्ण करा.

३. कागदपत्रं

फाइल एकच ठेवा, झेरॉक्सचे तीन संच करा: एक सोबत, एक घरी, एक मंडळीच्या सचिवांकडे. स्कॅन करून ईमेललाही ठेवा.

- पासपोर्ट: प्रवासानंतरही निदान सहा महिने वैध, कोरी पानं शिल्लक.
- पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट: पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज करायचा, भेटीची वेळ नागपूरच्या केंद्रातच मिळते. सध्याचा पत्ता पासपोर्टवरच्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल तर पोलीस पडताळणीला वेळ लागतो.
- तिकडच्या संस्थेचं निमंत्रणपत्र आणि तिच्या नोंदणीची प्रत.
- इकडच्या मंडळीचं पाठवणीचं पत्र, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह.
- पदवी, मार्कशीट, आणि परिचारिकांसाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी.
- पिवळ्या तापाच्या लसीचं मूळ कार्ड.
- विम्याची पॉलिसी, रक्तगट, पासपोर्ट फोटो (भरपूर, तिथे प्रत्येक कार्यालयात दोन लागतात).

पदवीची कागदं प्रमाणित करून घेताना एक फरक लक्षात ठेवा. जो देश कागदपत्रं मान्य करण्याच्या हेग करारात आहे त्याच्यासाठी ॲपोस्टिल, म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा प्रमाणशिक्का, चालतं. नसेल तर त्या देशाच्या दिल्लीतल्या दूतावासाचा शिक्का लागतो. तिकडच्या संस्थेला कोणतं हवं ते आधी विचारा आणि मगच एजंटाला पैसे द्या.

परिचारिकांनी इथे विशेष लक्ष द्यावं. दक्षिण सुदान 'ईसीआर' म्हणजे स्थलांतर परवानगी लागणाऱ्या १८ देशांच्या यादीत आहे. दहावी पास असलेल्यांना एरवी ही परवानगी लागत नाही, पण २०१५ पासून परिचारिकांना नोकरीसाठी या देशांत जाताना पासपोर्ट कोणताही असला तरी ती लागते. तुमची सेवा मानधनावर आहे की नोकरीच्या करारावर, यावरून प्रश्न उद्भवतो. ही परवानगी देणाऱ्या मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयाला लेखी विचारून उत्तर फाइलला लावा. विमानतळावर वाद घालण्यापेक्षा ते बरं.

पर्यटक व्हिसावर सेवेला जाऊ नका. "सगळे असेच जातात" असं सांगणारे भेटतील, पण गडबड झाली की पहिली चौकशी परदेश्यांच्या कागदांची होते, आणि तुमच्यामुळे यजमान चर्च अडचणीत येतं. पोचल्यावर पहिल्या तीन दिवसांत तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात परदेशी म्हणून नोंदणी करायची असते. जुबात आपला भारतीय दूतावास आहे. तिथेही नाव, पत्ता, जवळच्या नातेवाइकाचा नंबर नोंदवा.

४. लसी आणि औषधं

पिवळ्या तापाची लस फक्त केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रांवरच मिळते. आरोग्य मंत्रालयाच्या यादीत जवळचं केंद्र बघून आधीच वेळ घ्या, कारण तारखा पटकन भरतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड वैध होतं, आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. कार्ड परत येतानाही लागतं. ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

बाकी लसींमध्ये टायफॉइड, हेपेटायटिस ए आणि बी, धनुर्वात, मेंदूज्वराची मेनिंगोकॉकल लस आणि कुत्रा चावण्याआधीची रेबीजची लस यांबद्दल डॉक्टरांशी बोला. काहींचे डोस महिन्याच्या अंतराने असतात, म्हणून तीन महिने आधी सुरुवात करा.

मलेरियाला हलकं घेऊ नका. आपल्या गडचिरोलीकडे तो असतो म्हणून आपल्याला सवय आहे, असं समजू नका. तिथला फाल्सिपेरम जातीचा मलेरिया दोन दिवसांत माणूस आडवा करतो. प्रतिबंधक गोळी कोणती ते डॉक्टर ठरवतील. डॉक्सिसायक्लिन दिली तर तो भाग सोडून आल्यानंतरही चार आठवडे घ्यायची असते, आणि बहुतेक लोक नेमकं तेच विसरतात. औषधमिश्रित मच्छरदाणी इथून न्या.

नेहमीची औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट न्या. चष्मा लावत असाल तर दुसरा जोड न्या.

५. पैसे, विमा, घरचं

प्रवासात रोख परकीय चलनाची मर्यादा बहुतेक देशांसाठी ३,००० डॉलर आहे. नोटा नव्या मागा: २००९ नंतरच्या मालिकेच्या, न दुमडलेल्या, शाई न लागलेल्या. जुन्या किंवा किंचित फाटलेल्या नोटा जुबात घेत नाहीत. कार्डावर अवलंबून राहू नका. इथला मोबाइल नंबर चालू ठेवण्याची सोय घरच्यांकडे लावून द्या, कारण तो बंद पडला की बँकेचा ओटीपी बंद आणि मग खातंच हातातून जातं.

विमा घेताना वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा. साध्या प्रवास विम्यात युद्ध, दंगल, बंड हे बहुतेक वेळा वगळलेलं असतं, म्हणजे ज्यासाठी विमा हवा तेच त्यात नसतं. गंभीर आजारात विमानाने नैरोबीला हलवण्याचा खर्च धरलेला हवा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून ॲम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही सेवा चालवतात. तुमची पॉलिसी त्यांचं बिल भरेल का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.

मृत्युपत्र करा. बँकेत, पीएफमध्ये नामनिर्देशन तपासा. विश्वासू माणसाला मुखत्यारपत्र द्या. आईबाबांना हे अशुभ वाटतं, माझ्याही घरी वाटलं, पण टाळू नका. तुमचं अपहरण झालं किंवा संपर्क तुटला तर माध्यमांशी कोण बोलेल, हेही घरच्यांसोबत बसून ठरवा. येमेनमध्ये मार्च २०१६ मध्ये एडनच्या वृद्धाश्रमावर हल्ला झाला, मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या चार सिस्टर मारल्या गेल्या आणि केरळचे फादर टॉम उझुन्नालिल यांना पळवून नेलं. ते सप्टेंबर २०१७ मध्ये सुटले. त्याआधी जून २०१४ मध्ये अफगाणिस्तानात जेझुइट फादर अलेक्सिस प्रेम कुमार यांचं अपहरण झालं होतं. ते फेब्रुवारी २०१५ मध्ये सुटले. असे प्रसंग महिनोन्महिने चालतात आणि घरच्यांना त्या काळात आधार लागतो. तो आधार कोण देणार, हे मंडळीने आधीच मान्य केलेलं असावं.

६. निघण्याचा आराखडा

आता सगळ्यात महत्त्वाचं. यावर सर्वांत जास्त वेळ द्या.

जुलै २०१६ चं उदाहरण बघा. जुबात ८ जुलैच्या सुमारास गोळीबार सुरू झाला, विमानसेवा थांबल्या आणि लोक घरात अडकले. भारताने 'ऑपरेशन संकटमोचन'खाली हवाई दलाची सी-१७ विमानं पाठवली आणि दीडशेच्या आसपास लोकांना आणलं, पण ती विमानं पोचायला जवळपास आठवडा लागला. म्हणजे सरकार येईपर्यंत तुम्हाला आहे तिथे, आहे त्या सामानावर तग धरायचा आहे. म्हणून निदान दहा दिवसांचं पाणी, कोरडं अन्न, औषध आणि कंदिलाची सोय राहत्या जागी असावी.

आराखड्यात तीन रेषा आखून घ्या. पहिली: कोणत्या बातमीवर बाहेर फिरणं थांबवायचं. दुसरी: कोणत्या घटनेवर जवळच्या मोठ्या गावी किंवा यूएनच्या तळाजवळ सरकायचं. तिसरी: केव्हा देश सोडायचा. प्रत्येक रेषेवर निर्णय एकाच माणसाचा असावा आणि त्याच्यानंतर दुसरा कोण तेही लिहा. 'सगळे मिळून प्रार्थना करून ठरवू' हे ऐकायला चांगलं वाटतं, पण रात्री दोन वाजता गोळ्यांचा आवाज येत असताना सहा जण सहा दिशांना बोलतात. प्रार्थना करा, भरपूर करा. निर्णय कोणाचा ते मात्र आधी ठरवा.

वाहतूक कशी होणार? पावसाळा साधारण मेपासून ऑक्टोबरपर्यंत असतो आणि तेव्हा काळ्या चिकणमातीचे रस्ते बंद होतात. विदर्भातली काळी माती पावसात पायाला कशी धरते ते आपल्याला माहीतच आहे. तिथे ट्रकच्या ट्रक आठवडाभर रुतून बसतात. मग उरतं विमान: जागतिक अन्न कार्यक्रम चालवतो ती यूएन ह्युमॅनिटेरियन एअर सर्व्हिस, किंवा मिशन एव्हिएशन फेलोशिपची छोटी विमानं. यूएनच्या सेवेत फक्त नोंदणीकृत संस्थांच्याच लोकांना जागा मिळते. तुमच्या यजमान संस्थेची नोंदणी आहे का, हे नागपुरात असतानाच विचारा.

उशाशी एक पिशवी कायम भरलेली असावी. माझ्या पिशवीत पासपोर्ट आणि लसीचं कार्ड प्लास्टिकमध्ये, लहान नोटांत डॉलर, बॅटरी, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, चणे-गूळ, एक कपड्यांचा जोड, बायबलचा नवा करार आणि कागदावर लिहिलेले नंबर असायचे. नंबर कागदावरच हवेत, कारण फोनची बॅटरी नेमकी त्याच दिवशी संपते.

सॅटेलाइट फोनबद्दल सावध राहा. तिथे संस्थेकडे परवान्यासह असतो, तो वापरा. स्वतः विकत घेऊन भारतातून नेऊ-आणू नका. आपल्याकडे विनापरवाना असा फोन बाळगणं बेकायदेशीर आहे आणि विमानतळावर अटक होऊ शकते.

आणि एक अवघड प्रश्न, जो कोणीच आधी बोलत नाही. तुम्ही निघाल तेव्हा तिथले सहकारी मागे राहतील. त्यांना विमानात जागा नसते. त्यांचे तीन महिन्यांचे पगार आगाऊ द्यायचे का, औषधांच्या किल्ल्या कोणाकडे, रुग्णांच्या नोंदी कुठे ठेवायच्या, हे त्यांच्यासोबत बसून आधीच ठरवा. त्यांना टाकून आलो ही जखम नंतर फार दिवस ठसठसते. काहीतरी नीट करून आलो एवढं तरी मनाला असावं.

७. भाषा, जेवण, वावर

सरकारी भाषा इंग्रजी, पण बाजारात आणि दवाखान्यात जुबा अरबी. निघण्याआधी शंभर-दीडशे शब्द पाठ करा: अंक, दुखणी, नातीगोती, पाणी, थांबा, शांत व्हा. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले तेव्हा त्यांनी मराठी तर शिकलीच, गोंडी शब्द आणि गाणीही ऐकून टिपून ठेवली. आपल्या शहरात आलेल्या मिशनऱ्याने जे केलं ते आपण बाहेर जाताना करायला हवं.

जेवणाची काळजी करू नका. तिथे ज्वारीच खातात. ज्वारीच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याला असिदा म्हणतात, आणि सोबत भेंडीची किंवा पालेभाजीची शेंगदाण्याचं कूट घातलेली आमटी. आपल्या माणसाच्या पोटाला ते लगेच मानवतं. तिखट मात्र इथून न्या. उन्हाचंही नागपूरकरांना नवल नाही. मार्च २०२४ मध्ये तिथे ४५ अंशांच्या अंदाजाने शाळा बंद कराव्या लागल्या होत्या.

परवान्याशिवाय रस्त्यावर फोटो काढू नका. पूल, विमानतळ, शिपाई, सरकारी इमारत यांच्याकडे फोन वळवलात तरी पकडतात. कोणाला जमात विचारू नका आणि राजकारणावर मत देऊ नका, चर्चमध्येही नाही. चेकपोस्टवर काळा चष्मा काढा, हात दिसतील असे ठेवा, हसून नमस्कार करा, कागदांची प्रत पुढे करा. अंधार पडल्यावर प्रवास नाही.

८. गरिबीत सेवा करताना

सकाळी दवाखान्याच्या पडवीत बायका बाळं घेऊन बसलेल्या असतात. पावसाळ्यात त्यातल्या बहुतेक बाळांना ताप. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर, पंधरा मिनिटं थांबायचं. पट्टीवर दुसरी रेघ उमटली की आई तुमच्या तोंडाकडे बघते. गोळ्या असतील तर देता, साठा संपला असेल तर तेही तुम्हालाच सांगावं लागतं. अशा वेळी खिशातून पैसे काढून द्यावेसे वाटतात. देऊ नका. एकीला दिले की उद्या दारात रांग लागते, आणि तुमच्या स्थानिक सहकारी परिचारिकेचा शब्द त्या गावात हलका होतो. द्यायचं असेल तर संस्थेच्या निधीत द्या आणि वाटप स्थानिक समितीला करू द्या.

वस्तू भारतातून पेट्या भरून नेण्यापेक्षा शक्य तेवढ्या तिथल्या बाजारात घ्या. तिथल्या दुकानदाराचंही पोट आहे.

औषध, अन्न, शिक्षण यांच्या बदल्यात श्रद्धा मागू नका. रेड क्रॉस आणि मदत संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत हे स्पष्ट आहे: मदत कोणत्याही धार्मिक किंवा राजकीय हेतूसाठी वापरायची नाही. ख्रिस्ती माणूस म्हणून मला हे त्याहून जवळचं वाटतं. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले, परत आला एकच, पण बाकी नऊ जणांचं बरेपण त्याने काढून घेतलं नाही. कोणी विचारलं तर तुमच्या श्रद्धेची साक्ष मोकळेपणाने द्या. रांगेत उभ्या असलेल्या उपाशी बाईला मात्र प्रार्थनेला बसायला लावू नका. शिवाय दक्षिण सुदानात बहुसंख्य लोक आधीच ख्रिस्ती आहेत, आणि त्यांची चर्चेस युद्धात लोकांना आसरा देत आली आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस, कँटरबरीचे आर्चबिशप आणि चर्च ऑफ स्कॉटलंडचे मॉडरेटर एकत्र जुबाला गेले ते तिथल्या लोकांच्या शांततेच्या मागणीला बळ द्यायला. आपणही त्यांच्या हाताखाली काम करायला जातो, हे रोज स्वतःला सांगा.

मुलांचे फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, विशेषतः आजारी किंवा उघड्या मुलांचे. दानार्पण वाढेल म्हणून तर अजिबात नाही. मुलांसोबत काम असेल तर संस्थेचं बालसुरक्षा धोरण वाचून सही करा आणि कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं राहू नका.

आठवड्यात एक दिवस सुट्टी घ्या. दुःख रोज बघून मन बधिर होतं. झोप उडाली, उगाच चिडचिड होऊ लागली, प्रार्थनेला बसावंसं वाटेना, तर वरिष्ठांना सांगा. बदली किंवा महिनाभराची रजा मागण्यात कमीपणा नाही.

९. परत आल्यावर

मुंबईत उतरल्यावर लसीचं कार्ड हाताशी ठेवा. मलेरियाची गोळी ठरल्या दिवसांपर्यंत घ्या. पुढच्या वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की मी आफ्रिकेतून आले आहे, मलेरियाची तपासणी करा. नुसतं 'व्हायरल असेल' म्हणून घरी बसू नका. शौच तपासणी आणि रक्ताची साधी तपासणी करून घ्या.

मंडळी लगेच साक्ष द्यायला बोलावते. निदान महिनाभर थांबा. आधी पाळकांशी किंवा समुपदेशकाशी एकांतात बोला, जे घडलं ते सगळं सांगा. मंडळीपुढे बोलाल तेव्हा तिथल्या लोकांची नावं, गावं आणि जमाती सांगू नका, कारण भाषणाचा व्हिडिओ कुठेही पोचू शकतो आणि मागे राहिलेल्या सहकाऱ्यांना तो भोवू शकतो. त्यांच्याशी फोनवर बोलतानाही परिस्थितीबद्दल विचारू नका, फक्त घरचं कसं आहे तेवढं विचारा. आणि जो पुढचा भाऊ किंवा बहीण निघायच्या तयारीत आहे, त्याला तुमची फाइल, नंबरांचा कागद आणि आराखड्याची प्रत देऊन टाका.